बांधाचा खर्च कुणाच्या नावे?

रेवदंड्याला येणारा पाहुणा समुद्राकडे तोंड करून येतो. आगरकोटाची पडकी तटबंदी, सातखणी मनोरा, सुरूची झाडं, लांबलचक पुळण, खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर, एवढं पाहिलं की त्याचं रेवदंडा झालं. त्याची पाठ ज्या बाजूला असते तिकडून कुंडलिका नदी येते. तिच्या काठाकाठानं आत गेलं की भाताची सपाट खाचरं लागतात, आणि उत्तरेला धरमतरच्या खाडीपर्यंत, अलिबाग-पेणच्या खारेपाटात, अशा खाचरांचा पसाराच पसारा आहे. ही सगळी शेतं मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी शेतातल्या माणसाच्या गुडघ्याच्या, कधी कमरेच्याही वर उभं असतं. त्या पाण्याच्या आणि माणसाच्या मधे असतो चिखलाचा एक बांध.

बांधाला ठिकठिकाणी उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीला त्यांच्यातून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती चढू लागली की खारं पाणी दारातच अडवायचं, एवढीच यंत्रणा. बांध धरला तर मोड आलेलं बी चिखलात फेकून, रहू पद्धतीनं पेरलेलं भात उभं राहतं. बांध फुटला, म्हणजे इकडच्या भाषेत खांड गेली, तर त्या वर्षीचं पीक जातंच. शिवाय जमिनीत मुरलेलं मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. या खारजमिनीत एकच पीक येतं, त्यामुळे तीन वर्षं हात रिकामे.

विकास बँकांच्या करारांत हल्ली ‘पर्यावरणाचं रक्षण’ आणि ‘गरिबी कमी करणं’ हे दोन हेतू एकाच ओळीत येतात. खारीतल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. त्याचा बांध शेकडो वर्षं ही दोन्ही कामं करत आलेला आहे, आणि ते स्वस्तात कधीच झालेलं नाही. बांध कुणी घातला हे बहुतेक ठिकाणी सांगता येतं. मला उत्सुकता आहे ती त्याच्या खर्चाची. खर्च कुणी केला, त्याच्या बदल्यात काय घेतलं, आणि बांधावर शब्द कुणाचा चालला?

1883 साली छापलेल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या खर्चाचा एक जुना हिशेब सापडतो. खारीत शिलोत्री नावाची वहिवाट होती. पैसा आणि पत असलेला माणूस समुद्राच्या अंगाचा बांध घालून जमीन उठवी. तो शिलोत्रीदार. कुळं आत शेती करीत. सरकारचा सारा वेगळा, आणि बाहेरचा बांध राखल्याबद्दल बिघ्यामागे ठरलेलं भात शिलोत्रीदाराच्या घरी वेगळं. व्यवहार म्हणून त्यात एक गोष्ट चोख होती. बांध फुटला तर शिलोत्रीदाराचं भातही बुडायचं, म्हणून बांधावर त्याची नजर असे. दया म्हणून तो हे करत होता असं समजायचं कारण नाही.

रेवदंडा पोर्तुगीजांकडून 1740 साली मराठ्यांकडे आला आणि आंग्र्यांचं कुलाबा संस्थान 1840 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. खार उठवण्याचा उद्योग या उलथापालथीत थांबला नाही, कारण प्रत्येक राजवटीला साऱ्याची जमीन हवी होती. इंग्रजांचे नियम तर वाचण्यासारखे आहेत. खारजमीन उठवायला घेतली की पहिली दहा वर्षं काहीच सारा नाही. पुढची वीस वर्षं एकराला चार आणे, तेही उठलेल्या आणि न उठलेल्या सगळ्या क्षेत्रावर. तीस वर्षांनंतर शेजारच्या भातजमिनीसारखा पुरता आकार. आणि अट अशी की दहा वर्षांत निम्मी जमीन आणि वीस वर्षांत सगळी उठली नाही तर पट्टा रद्द होऊ शकतो.

आजच्या सवलतीच्या आंतरराष्ट्रीय कर्जाची घडण याच घराण्यातली आहे: सुरुवातीची काही वर्षं फेड नाही, मग हळूहळू, आणि मधल्या टप्प्यांवर कामाची मोजणी. फरक एवढाच की तेव्हा पट्टा घेणाराच बांधावर उभा असे. आज कर्जावर सही दिल्लीत होते.

शिलोत्रीदार आणि गावाचा सारा वसूल करणारा खोत यांच्यातली रेघ पुढे पुसट होत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागच्या खारेपाटात जमिनीचे मालक म्हणून खोत आणि सावकार बसलेले दिसतात, आणि बांधावर घाम गाळणारा कुळवाडी दिसतो. वर्षाच्या शेवटी भाताचा मोठा वाटा खोताच्या खळ्यात. बांध नीट ठेवायची मेहनतही कुळाचीच. ही गोष्ट किती टोकाला गेली होती ते 1933 साली कळलं. चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं त्यात उतरली आणि संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं! शेतकऱ्यांचा एवढा लांबलेला संप देशात दुसरा सांगता येत नाही. लोक रानातली लाकडं विकून आणि खाडीतली मासळी धरून जगले. डिसेंबर 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. रेवदंड्याहून चरी काही फार लांब नाही. तरी चौल-रेवदंड्याच्या इतिहासावर बोलणारी माणसं रशियन प्रवासी अफनासी निकितिनच्या 1469 च्या आगमनावर तासभर बोलतात आणि चरीला एका वाक्यात उरकतात. मला हे कधी पटलेलं नाही.

संपानं कुळाला कायद्यात जागा मिळवून दिली. 1939 चा कूळकायदा आला, 1948 चा आला, आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा जमिनीचा मालक ठरला. न्याय झाला. पण त्याच दिवशी बांध पोरका झाला, ही गोष्ट कोणत्याही कायद्याच्या प्रस्तावनेत नाही. खोत वाईट होता, पण उघाडीची झडप बदलायला रोख रक्कम त्याच्याकडे होती. एकर-दीड एकराच्या नव्या मालकाकडे ती नव्हती.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. 1948 मध्येच मुंबई सरकारनं खारजमिनींसाठी वेगळा कायदा करून मंडळ नेमलं. मोठे बांध सरकारनं घालायचे आणि खर्चाचा काही हिस्सा शेतकऱ्यांकडून यायचा, अशी कल्पना. गावाच्या बाजूनं जोळ होती. घरटी एक माणूस बांधावर. खांड गेल्याची हाक आली की रात्र असो की पाऊस, ज्याच्या घरचा माणूस येणार नाही त्याला गावकीत जाब द्यावा लागे. माणसांची रांग लागायची, चिखल हातोहात पुढे जायचा आणि पुढची भरती चढायच्या आत खांड बांधली जायची. वेळ सहा तासांची असते. त्या सहा तासांत निविदा निघत नाही.

1979 साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला आणि बांधाची जबाबदारी जवळपास पूर्णपणे सरकारी खात्याकडे गेली. पेणला खारभूमी विभागाचं कार्यालय आहे. तिथल्या अभियंत्यांना दोष देऊन काही मिळत नाही. किनारा लांब, माणसं थोडी, आणि देखभालीचा पैसा नेहमीच कमी. पण या बदलानं जोळ मोडली. बांध सरकारचा झाल्यावर गावानं तो आपला का मानावा? त्यात पोरं मुंबईला आणि पुढं आसपासच्या कारखान्यांत गेली, चिखल उचलणारे हात कमी झाले. खारेपाटात गणेशपट्टी नावाची वस्ती होती. बांध फुटत राहिला, उधाणाचं पाणी घरात येत राहिलं, शेवटी माणसं उठून गेली. बार्जांच्या लाटांनी बांधाचा पाया खचतो ही धरमतर खाडीकाठची जुनी तक्रार, तीही याच काळात वाढत गेली.

गोव्यातलं खाजण या ठिकाणी आठवतं. तिथंही पोर्तुगीज होते, तिथंही खारं पाणी अडवून भात घेतात. उघाडीला तिथं मानस म्हणतात, आणि मानशीत अडकणाऱ्या मासळीचा लिलाव करून आलेल्या पैशातून बांध राखायची जुनी रीत आहे. पूर्वी हे काम कोमुनिदाद या गावसंस्था आणि शेतकऱ्यांच्या संघटना पाहत. 1964 च्या कूळकायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे आलं. तिथंही भांडणं झाली, मासळीच्या लोभानं दार वेळेवर न लावण्याचे प्रकार झाले, जमिनी पडीकही पडल्या. तरी एक धागा राहिला. बांधाचा खर्च बांधातूनच काढायचा. हॉलंडमधली जलमंडळं तर तेराव्या शतकापासून कर गोळा करतात आणि त्यांच्या निवडणुका होतात. ज्याचं शेत पाण्याखाली जाऊ शकतं तो पैसे देतो आणि मतही देतो. रायगडात मात्र 1979 नंतर पैसेही फारसे मागितले नाहीत आणि मतही नाही. शेतकऱ्याला वर्गणीतून सोडवलं हा उपकार समजला गेला. त्याबरोबर त्याचा बांधावरचा आवाजही गेला, हे फार उशिरा लक्षात आलं.

राज्याच्या तिजोरीत पैसा नाही म्हटल्यावर बँका आल्या. पहिली देशातलीच. नाबार्ड 12 जुलै 1982 ला स्थापन झाली, आणि 1995-96 पासून तिच्याकडे ग्रामीण पायाभूत विकास निधी आहे. शेतीला ठरलेल्या प्रमाणात कर्ज न देणाऱ्या बँकांची तूट या निधीत जमा होते आणि नाबार्ड ती राज्यांना रस्ते, पूल, पाटबंधारे यांसाठी कर्जाऊ देते. कोकणातल्या खारभूमी योजनांच्या कागदांवर नाबार्डचं नाव दिसू लागलं ते त्यामुळे. म्हणजे मुंबईतल्या एखाद्या बँकेनं शेतकऱ्याला द्यायचं राहिलेलं कर्ज फिरून खाडीच्या बांधापर्यंत पोहोचलं. पैसा आला हे चांगलंच. पण तो कामासाठी आला, काम झाल्यानंतरच्या पंधरा वर्षांसाठी नाही.

जागतिक बँकेचं नाव अलिबाग तालुक्यानं त्याच्याही आधी ऐकलं होतं, आणि ते वेगळ्याच कारणानं. 1970 च्या दशकाच्या शेवटी थळ-वायशेतचा खत कारखाना बँकेच्या कर्जातून उभा राहायचा होता. कारखाना मुंबईच्या इतक्या जवळ नको म्हणून मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी आरडाओरड केली. ती बहुतांशी मुंबईच्या हवेसाठी होती, थळच्या कोळ्यांसाठी नव्हे. पुढे 1980 मध्ये केंद्रात सरकार बदललं, तंत्रज्ञानाचा सल्लागार बदलला आणि बँकेनं हात काढून घेतला. पर्यावरणाचा मुद्दा त्या निर्णयात नव्हताच. निवडीची पद्धत डावलली, एवढा बँकेचा आक्षेप होता. कारखाना झालाच.

बँकांच्या कागदांत झाडं, मासे आणि विस्थापित माणसं खऱ्या अर्थानं आली ती नर्मदेमुळे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं 1985 मध्ये कर्ज दिलं. महाराष्ट्राच्या सातपुड्यातली आदिवासी गावं बुडणार होती. मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यामुळे बँकेला स्वतंत्र पाहणी करवून घ्यावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल जून 1992 मध्ये आला, आणि पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत तो बँकेवर आणि सरकारवर कडक होता. मार्च 1993 मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेनं तक्रारी ऐकणारं निरीक्षण मंडळ नेमलं. आज रायगडच्या किनाऱ्यावर एखादा बांध बँकेच्या पैशातून होतो तेव्हा त्याच्याबरोबर सामाजिक आणि पर्यावरणीय परिणामांची जाड फाईल येते. त्या फाईलचं मूळ सातपुड्यात आहे, खारेपाटात नाही. ती भरणाऱ्या सल्लागारांना हे ठाऊक असेल असं वाटत नाही.

याच काळात घाटावर एक वेगळा प्रयोग चालू होता, आणि मला तो बांधाच्या गोष्टीत फार महत्त्वाचा वाटतो. फादर हर्मन बाखर या जेझुइट धर्मगुरूंच्या प्रेरणेनं, जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचा पैसा नाबार्डमार्फत महाराष्ट्रातल्या कोरडवाहू गावांत पाणलोटाच्या कामाला मिळू लागला. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम या नावानं तो ओळखला जातो. अटी सोप्या नव्हत्या. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, गावाची समिती नेमायची, आणि श्रमदानाच्या मोलातला भाग देखभालीच्या निधीत टाकायचा. विकास बँक, सरकारी बँक आणि गाव असे तीन भागीदार, आणि त्यात गाव तिसऱ्या नंबरवर नव्हतं. सगळी गावं यशस्वी झाली नाहीत. पण नगर जिल्ह्यातल्या उघड्या माळावर टिकलेले बांध आजही दिसतात. मग हाच नमुना कोकणच्या खारीत का उतरला नाही? श्रमदानाची रीत, समिती, वर्गणी, नियम मोडणाऱ्याला जाब, हे सगळं जोळीत आधीपासून होतं. पण कोकण पावसाचा प्रदेश, तिथं पाण्याची योजना कशाला, असं राज्यातलं जुनं गणित आहे. दुष्काळाला जसा आवाज मिळाला तसा खाऱ्या पाण्याला मिळाला नाही.

खारीला जागतिक बँक मिळाली ती अखेर ओडिशामुळे. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानं तिथं हजारो माणसं मेली. त्यातून पुढे राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्प निघाला. 2010 मध्ये पहिला टप्पा आंध्र आणि ओडिशाला मिळाला. 2015 मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला, सुमारे 30 कोटी 84 लाख डॉलरचा, आणि त्यात गोवा, गुजरात, कर्नाटक, केरळ, पश्चिम बंगाल यांच्याबरोबर महाराष्ट्र आला. महाराष्ट्राच्या वाट्याला वादळात आसरा घ्यायच्या इमारती, जमिनीखालून विजेच्या तारा आणि खारबांध अशी कामं होती. पेण तालुक्यातली नारवेल-बेनवलेची खारबंदिस्ती या योजनेतली. अलिबाग शहराच्या तारा भूमिगत करण्याचं कामही तिच्यातलंच. बंगालच्या उपसागरावरचा धोका मोजून बेतलेली योजना अरबी समुद्रावर आली, तेव्हा इकडं वादळं येतात कुठं, असं म्हणणारे पुष्कळ होते.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 110-120 किलोमीटरचा. चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब वाकले आणि अनेक गावांत वीज परतायला आठवडे लागले. रेवदंड्यात गरीब-श्रीमंत असा फरक त्या दुपारी राहिला नाही, तो नंतर मदतीच्या याद्यांत परत आला. फळबागेला हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले. पण इथली वाडी हेक्टरात मोजायची नसते, ती गुंठ्यांत असते. पाच-दहा गुंठ्यांच्या वाडीवर एका घराचा वर्षाचा खर्च निघत असतो, आणि हेक्टरी 50 हजारांचा गुंठ्याला हिशेब पाचशे रुपयांच्या आसपास पडतो. ओरड झाली तेव्हा सरकारनं झाडामागे मोजणी मान्य केली. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. खारबांधाचं काम, वादळाच्या मदतीचं गणित आणि बँकेच्या कर्जाची मुदत, तिन्हीकडे हीच अडचण आहे. मोजमाप सरकारी वर्षाचं असतं आणि जमीन आपल्या कालमानानं चालते.

आता कांदळवन. या गोष्टीत सगळ्यात अवघड गाठ इथंच बसलेली आहे. 6 ऑक्टोबर 2005 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला बंदी केली आणि सभोवती 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम थांबवलं. 2018 च्या अंतिम निकालानं ते पक्कं केलं. 2012 मध्ये राज्यानं वन खात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, असा कक्ष काढणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. कांदळवन लाटा अडवतं, मासळीच्या पिल्लांना आसरा देतं, बांधाचा पाया धरून ठेवतं. खाडीकाठचा म्हातारा हे शास्त्रज्ञाइतकंच जाणतो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळवनातली ही तिवर हवीच, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण खांड बुजवली गेली नाही तर खारं पाणी आत येतं, आणि पाच-सहा वर्षांत शेतातच तिवर उगवते. सातबारा शेतकऱ्याच्या नावे, त्यावर उभं असलेलं झाड कायद्यानं राखीव. तो नांगर घालू शकत नाही आणि त्याला मोबदलाही नाही. खात्याच्या ढिलाईनं बांध फुटतो आणि मागचं शेत न्यायालयाच्या आदेशानं वन होतं. पर्यावरणाचं रक्षण झालं आणि गरिबी वाढली. दोन्ही हेतू एकाच ओळीत लिहायला सोपे असतात, एकाच खाचरात मावत नाहीत.

या गाठीवर उपाय म्हणून जी मदत आली ती पुन्हा बाहेरची. सिंधुदुर्गात 2011 पासून जागतिक पर्यावरण सुविधेच्या पैशातून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं खेकडेपालन, कालवंपालन, निसर्गपर्यटन असे प्रयोग केले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनातून होडी फिरवून चार पैसे मिळवू लागल्या, तो अनुभव खरंच पाहण्यासारखा आहे. 2017 मध्ये राज्यानं कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना काढली. 2018 मध्ये हरित हवामान निधीनं आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी 4 कोटी 34 लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. हे कर्ज नव्हे, फेडायचं नाही. पिंजऱ्यातल्या खेकड्याला बाजार आहे, आणि कोळ्याच्या घरात बाईच्या हातात स्वतःचा पैसा येतो हे लहान काम नाही. तरीही ज्याचं चार एकर भातशेत तिवरीखाली गेलं त्याला खेकड्याचा पिंजरा देणं हा न्याय नाही. त्याची भाषा उपजीविकेची नाही, मालकीची आहे, आणि मालकीची भाषा बोलणारी योजना अजून कुठल्याच बँकेनं आणलेली नाही. खरं तर ते तिचं काम नाहीच, राज्याचं आहे.

आशियाई विकास बँकेची गाठ किनाऱ्याशी पडली ती आणखी वेगळ्या दारानं. 2010 मध्ये तिनं कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांची धूप थांबवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे रत्नागिरीचा मिऱ्याचा किनारा त्यात होता. नुसते दगड टाकण्याऐवजी समुद्रात कृत्रिम खडक बांधायचे आणि वाळू भरायची, ही कल्पना तेव्हा नवी होती. नोव्हेंबर 2024 मध्ये याच बँकेनं महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी आणि नदीकाठांसाठी 4 कोटी 20 लाख डॉलरच्या कर्जावर सही केली. त्यातही खडक, दगडी बांधकाम, वाळूचं भरण असं मिश्र काम आहे, आणि किनाऱ्याची आखणी करणारा विभाग मेरीटाइम बोर्डात उभा करण्याची तरतूद आहे. ही तरतूद मला रकमेपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण आजवर किनाऱ्याची आखणी अशी कुणी करतच नव्हतं. जिथं लाट घरात आली तिथं दगड टाकायचे, एवढीच पद्धत.

पण हा विभाग खारबांधाला हात लावणार का? कुंडलिकेच्या काठी एखाद्या बांधावर उभं राहावं. पाण्याचा मालक मेरीटाइम बोर्ड. पाण्यालगतची तिवर वन खात्याची. पायाखालचा बांध जलसंपदेच्या खारभूमी विभागाचा. आतलं खाचर शेतकऱ्याचं, त्यावरचा सारा महसूल खात्याचा, आणि या सगळ्यावरून जाणारी किनारी नियमनाची रेषा पर्यावरण खात्याची. वरच्या अंगाला धाटाव औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी, त्याला प्रदूषण मंडळ. यातल्या प्रत्येकाच्या मागे वेगळा निधी आणि वेगळी बँक आहे. तिवर लावायला पैसा येतो तेव्हा तो बांधाला लागत नाही, आणि बांधाला आलेल्या पैशातून उघाडी राखणाऱ्याला मजुरी देता येत नाही. नवं बांधकाम भांडवली खर्चात बसतं, राखण महसुली खर्चात जाते, आणि कर्ज देणाऱ्याला भांडवली काम आवडतं कारण ते मोजता येतं.

त्यामुळे कुठलीही बँक आली तरी तिच्याकडे मागायची गोष्ट किलोमीटरभर जास्तीचा बांध ही नाही. उघाडीतल्या मासळीचा लिलाव करायचा हक्क लाभधारक शेतकऱ्यांच्या संस्थेला द्यावा, त्यातून आणि कर्जाच्या लहानशा हिश्श्यातून गावाच्या खात्यावर राखणनिधी असावा, आणि खांड गेली तर पहिल्या सहा तासांत त्यातला पैसा उचलायचा अधिकार अभियंत्याच्या सहीशिवाय संस्थेला असावा. शिलोत्रीदाराकडे हा अधिकार होता, खोताकडे होता, जोळीकडे पैसा नसतानाही होता. तो गेला तो 1979 नंतर, आणि पुढच्या एकाही करारात परत आलेला नाही.